कॉमर्सच्या प्रवेशाचा उन्हाळा

माझे वडील अकोल्याच्या स्टेशनवर पॉइंटमन होते. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते वरून ठरायचं आणि रूळ बदलायचं काम त्यांचं असायचं. आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत होतो. शाळा सुटली की मी मालधक्क्यावरून घरी यायची. रस्ता जवळचा होता हे एक, आणि तिथं गठाणी असत हे दुसरं. दिवाळी झाली की सरकी काढणाऱ्या जिनांमधून दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या रुईच्या गठाणी येऊ लागत आणि धक्क्यावर माझ्या डोक्याच्या वर रचल्या जात. प्रत्येकीवर काळ्या शाईची अक्षरं असत. काही मुंबईला जायच्या, काही अहमदाबादला. काहींवर मला वाचता न येणारी नावं असत. ती समुद्रापलीकडच्या गावांची आहेत, असं बाबा सांगत.

कापूस मला नवा नव्हता. माझी माय लग्नाआधी वेचणीला जायची आणि तिच्या बहिणी तेव्हाही जात होत्या. पण वेचलेल्या कापसाचा भाव दूर कुठंतरी ठरतो आणि तारेनं अकोल्याच्या बाजारात येतो, हे बाबांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मी चालता चालता थांबले. कोण ठरवतं, असं मी विचारलं. ते आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मग मी शाळेत गणिताच्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, हे कॉमर्समध्ये शिकवतात. कॉमर्स हा शब्द मी त्या दिवसापासून धरून ठेवला.

मी मॅट्रिक झाले तेव्हा महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. छप्पन साली आमचं सगळं घर नागपूरला जाऊन बौद्ध झालं होतं, आणि तेव्हापासून बाबांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती की मुलगी शिकायला नाही म्हणेल तिथंच थांबायचं, त्याआधी नाही. मी कॉमर्सला जाते म्हटल्यावर त्यांनी ते काय असतं हे विचारलं. मी गठाणींचं नाव काढलं. ते हसले आणि दुसऱ्याच दिवशी धुतलेला युनिफॉर्म घालून माझ्याबरोबर अकोल्याच्या कॉलेजात आले.

तिथला प्रवेश फार सोपा होता. मॅट्रिक पास असावं आणि बाकं भरायच्या आत यावं, एवढंच. पहिल्या वर्गातला आणि तिसऱ्या वर्गातला एकाच रांगेत उभा. कारकून भला माणूस होता. माझा कागद पाहून तो म्हणाला, आर्ट्सला नाव टाकून देतो. मी कॉमर्स म्हटलं. त्यानं बाबांकडं पाहिलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की कॉमर्सच्या वर्गात मुली नसतात.

"नियम हाय का तसा?" बाबांनी विचारलं.

कारकून विचारात पडला. नियम नाही, पण आजवर कोणी आलीच नाही, असं त्याचं उत्तर आलं. प्रिन्सिपॉलसाहेब बाहेरगावी गेले आहेत, ते आले की विचारतो, म्हणाला. आणि मग आपणहून सांगितलं की अमरावतीला कॉमर्सचं वेगळं कॉलेज आहे, तिथं जाऊन पाहा, पण तिथली तऱ्हा वेगळी आहे. तिथले प्रिन्सिपॉल प्रत्येक मुलाला बापासकट समोर बसवून बोलतात आणि मगच घेतात. मला हे ऐकून भीतीच वाटली. एकाच विद्यापीठातली दोन कॉलेजं, मधे दोन-तीन तासांचा प्रवास, आणि एकाच्या दारात नुसतं पोचायचं तर दुसऱ्याच्या दारात बोलायचं. प्रवेश म्हणजे सगळीकडं सारखीच गोष्ट असते, असं मी तोवर धरून चालले होते.

आम्हाला रेल्वेचा पास होता, म्हणून जाणं-येणं अवघड नव्हतं. बडनेऱ्याला उतरलो, छोट्या गाडीनं अमरावतीला गेलो. कॉलेजच्या व्हरांड्यात मुलं आणि त्यांचे बाप ओळीनं बसले होते. पांढऱ्या टोप्यांचे शेतकरी होते, धान्याच्या व्यापाऱ्यांची मुलं होती, एका मुलाचे वडील वकील असावेत. मुली नव्हत्याच. आतून येणाऱ्या प्रत्येकाला बाकीचे विचारत होते की काय विचारलं. एकाला घरी यंदा काय पेरलं ते विचारलं होतं. एकाला रोज पेपर वाचतोस का, आणि वाचतोस तर कोणतं पान आधी उघडतोस. मार्कांचं कोणी काही सांगेना. एक मुलगा दोनच मिनिटांत बाहेर आला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचा बाप त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला घेऊन गेला.

आमचं नाव पुकारलं तेव्हा दुपार टळली होती. प्रिन्सिपॉल बारीक अंगाचे, खादीच्या कपड्यातले होते. समोर दोन खुर्च्या होत्या. बाबा दाराशीच टोपी हातात घेऊन उभे राहिले, जसे ते प्रत्येक साहेबापुढं उभे राहत. प्रिन्सिपॉल बसा म्हणाले. बाबा म्हणाले, राहू द्या साहेब, मी उभाच बरा. त्यांनी पुन्हा बसायला सांगितलं, बाबा पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा प्रिन्सिपॉलनी पेन खाली ठेवलं आणि ते स्वतः उठून उभे राहिले.

"मग मीही उभाच राहतो," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. बाहेर एवढी माणसं ताटकळलेली असताना ते टेबलाला हात टेकून शांतपणे उभे होते, जणू त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते पुढं आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. ते बसल्यावर प्रिन्सिपॉल बसले. माझ्या बापासाठी कोणी साहेब उठून उभा राहिलेला मी तोवर पाहिला नव्हता. माझे कान गरम झाले होते आणि पुढचा त्यांचा पहिला प्रश्न मला ऐकूच आला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला. कॉमर्स का?

मी गठाणींचं सांगितलं. भाव कोण ठरवतं हे मला शिकायचं आहे, असं सांगितलं.

"भाव ठरवणारा एकच माणूस असतो, असं तुला वाटतं का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. पण पुष्कळ माणसं ठरवत असतील तर एकमेकांना न भेटता त्यांचं एकमत कसं होतं?

ते म्हणाले की मी विचारते आहे त्या गोष्टीवर मोठमोठ्या माणसांनी आयुष्यं घालवली आहेत, त्यांना स्वतःला त्यातलं निम्मंशिम्मं समजलं आहे, आणि बाकीचं मी शिकून त्यांना सांगावं. माझी जागा तिथंच पक्की झाली. मुलगी आहे म्हणून वर्गात काय सोय करावी लागेल एवढं त्यांनी कागदावर टिपलं. आमचं आडनाव, गाव, वस्ती यांबद्दल त्यांनी अक्षरही काढलं नाही.

पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला आजही नवलाचं वाटतं. माझी मार्कशीट पाहून ते म्हणाले, गणितात एवढे मार्क आहेत, मुंबईला जायचा विचार केलास का? मामा मुंबईला गिरणीत आहे, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी मला दोन्हीकडच्या तऱ्हा समजावून सांगितल्या. इथं ते माणूस पाहून घेतात. तिकडं मार्कांची यादी लागते, वरून खाली, आणि जागा संपल्या की रेघ. त्यांच्या स्वतःच्या तऱ्हेत खोट आहे, ते म्हणाले, कारण त्यांना माणसं आवडतात किंवा नावडतात, आणि त्यात ते चुकतात. यादीला आवडनिवड नसते.

"मग यादीत खोट नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. यादी कोणाला काही विचारत नाही."

दोन्ही पाहून ये, वर्ग सुरू होईपर्यंत इथली जागा तुझी राहील, असं सांगून त्यांनी आम्हाला निरोप दिला. बाहेर आल्यावर बाबांनी मला हळूच विचारलं की साहेबानं आपल्याला नाही म्हटलं का. मी म्हटलं, नाही, त्यांनी आपल्याला हो म्हटलं आणि वर मोकळंही सोडलं. असं कोणी करतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बाबांनी रजा टाकली आणि आम्ही मुंबईला गेलो. अर्ज देऊन मामाच्या खोलीत राहिलो. मधल्या दिवसांत मामानं आम्हाला समुद्र दाखवला. यादी लागायच्या दिवशी तो कामावर गेला आणि आम्ही दोघं विचारत विचारत कॉलेजात पोचलो. दगडी इमारत, रुंद जिना, आणि जिन्यापाशी काचेच्या फळ्यात टाईप केलेले कागद. त्यापुढं मुलांची ही गर्दी. आणि त्या गर्दीत मुली होत्या. गुजराती होत्या, पारशी होत्या, मराठी होत्या. त्या कोपरानं वाट करत पुढं जात होत्या आणि नाव सापडलं की मागं वळून मैत्रिणीला सांगत होत्या. अकोल्याचा कारकून इथं असता तर त्याला काय वाटलं असतं, असं माझ्या मनात आलं.

माझं नाव पुष्कळ खाली होतं, पण रेघेच्या वर होतं. नाव आणि मार्क, बाकी काही नाही. बाबांना इंग्रजी वाचता येत नसे.

"तुहं नाव कोणतं?"

मी काचेवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून पाहिलं. मराठी अक्षरं ते लावून लावून वाचत, तसं नव्हे, एखादं चित्र पाहावं तसं.

"यायनं तं तुले पायलं बी नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मंग घेतलं कसं?"

मार्क पाहून, असं मी सांगितलं. मागून मुलं ढकलत होती तरी बाबा काचेसमोरून हलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आपण कोण, कुठचे, काईच न इचारता."

त्यांच्या आयुष्यात असा एक दिवस नसेल की आधी त्यांना ते कोण हे विचारलं गेलं नाही. विहिरीवर, हॉटेलात, नोकरीच्या पहिल्या दिवशी, गाडीच्या डब्यातसुद्धा. आणि इथं एक कागद होता, ज्यावर त्यांच्या मुलीचं नाव एका शेठच्या मुलाच्या वर आणि एका डॉक्टरच्या मुलीच्या खाली टाईप केलेलं होतं. ते शेठचे आणि डॉक्टरचे आहेत हे आम्हाला शेजारी उभ्या असलेल्या मुलांच्या बोलण्यातून कळलं. कागदाला ते माहीत नव्हतं.

खिडकीवर गेलो तर वेगळंच प्रकरण निघालं. तिथल्या कारकुनानं माझी मार्कशीट उलटीपालटी करून पाहिली. त्यांच्याकडची परीक्षा एसएससी, माझी मॅट्रिक विदर्भाच्या बोर्डाची. ही त्यांच्या परीक्षेच्या बरोबरीची आहे की नाही ते त्यांचं विद्यापीठ ठरवणार आणि तसा दाखला देणार. शिवाय आमच्या विद्यापीठाकडून, मुलगी तिकडं जाते आहे याला हरकत नाही, असा दुसरा दाखला. शिवाय इंग्रजीचा माझा पेपर त्यांच्या कोणत्या पेपराच्या तोडीचा, ते वेगळं. आणि वर्षांची नावंही निराळी. आमच्याकडं मॅट्रिकनंतर एक वर्ष प्री-युनिव्हर्सिटी आणि मग बी.कॉम.ची तीन. त्यांच्याकडं पहिलं वर्ष, मग इंटर, मग ज्युनिअर, मग सिनिअर. बेरीज तीच, पण कोणी मधेच इकडून तिकडं जाऊ म्हटलं तर एक वर्ष बुडेल, असं तो म्हणाला.

दुसरं कोणी असतं तर वैतागलं असतं. मला मात्र ते ऐकताना विलक्षण वाटत होतं. एक राज्य, एक सरकार, दोन अधिक दोन सगळीकडं चारच, आणि तरी शिकण्याच्या मुलखात अशा हद्दी होत्या ज्या कोणत्याच नकाशावर मी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक विद्यापीठ म्हणजे एक संस्थान, आपलं नाणं, आपली वेस, आपला पहारेकरी. मी त्या खिडकीशी उभी राहून कारकुनाला आणखी प्रश्न विचारत राहिले. दिल्लीला कसं असतं, तेही विचारलं. त्याला हसू आलं. त्यानं सांगितलं की दिल्लीचं सगळं त्यालाही माहीत नाही, पण ऐकून आहे की काही ठिकाणी पहिल्या दिवसापासून ऑनर्सचा, म्हणजे एकाच विषयाच्या खास अभ्यासाचा, वर्ग वेगळा असतो आणि त्यासाठी वेगळे मार्क लागतात. दाखले आणायला त्यानं मुदत दिली.

अकोल्याच्या कारकुनाचा निरोप काही आला नव्हता, पण घरी आलो तेव्हा अमरावतीचा आणि मुंबईचा, दोन्ही दरवाजे उघडे होते. मायला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ज्वारी निवडत ऐकत होती. बाबांचं मन मुंबईकडं गेलं होतं आणि मला ते अनपेक्षित होतं, कारण अमरावतीला त्यांच्यासाठी एक माणूस उभा राहिला होता. मी तसं म्हटलं.

"तो साहेब मोठा माणूस हाय," बाबा म्हणाले. "पण साहेब बदलते. उद्या दुसरा येईन. यादी बदलत नाही."

माणसाच्या चांगुलपणावर किती भार टाकावा, याचा हिशेब त्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळ वर्षं जास्त केला होता. आम्ही दोघं मायकडं पाहू लागलो. तिनं सूप खाली ठेवलं.

"काई समजलं नाही तं इचारशीन कोणाले?" तिनं मला एवढंच विचारलं.

मी मुंबईतली खिडकी आठवून पाहिली. तो कारकून चांगला होता, पण त्याच्यामागं जो वर्ग असेल तिथं शेकडो मुलं असतील, इंग्रजी बोलणारी, आणि मी मागच्या बाकावर. अमरावतीला मी ज्याला विचारेन तो माणूस मला माहीत होता. निम्मंशिम्मं समजलं आहे असं तोंडावर सांगणारा. मी अमरावती म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा कधी मुंबईचं नाव काढलं नाही.

आत्या बडनेऱ्याला रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये राहत होती. तिच्याकडं राहून मी रोज छोट्या गाडीनं अमरावतीला जाऊ लागले. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या बाकाच्या एका टोकाला मी, आणि बाकीचं बाक रिकामं. दिवाळीपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. मग एक दिवस मागून कोणीतरी जमाखर्चाच्या वहीतला एक आकडा विचारला, मी तो सांगितला, आणि त्यानंतर बाक भरलं.

प्रिन्सिपॉल आठवड्यातून एकदा आम्हाला शिकवत. एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला सकाळी कापसाच्या बाजारात नेलं. लिलाव करणारा एका बैलगाडीवरून दुसऱ्या बैलगाडीवर जात होता, व्यापारी कापूस हातात घेऊन तंतू ताणून पाहत होते, आणि भाव एकेका आरोळीनं वर सरकत होता. कोणी ठरवत नव्हतं आणि ठरत होतं. सगळ्या मुलांनी वह्या काढल्या होत्या. मी काहीच लिहिलं नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षात ते निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. नवे प्रिन्सिपॉल आले. त्यांना मुलाखती पटत नसत. त्यांनी पुढच्या जूनमध्ये व्हरांड्यातली बाकं काढून टाकली आणि भिंतीवर मार्कांची यादी लावली. मला वाईट वाटलं. बाबांना मी पत्रानं कळवलं तर त्यांचा निरोप आला, यादीत मुली किती आहेत ते पाहा. मी जाऊन पाहिलं. सात होत्या. त्यांतली एक रिद्धपूरकडच्या खेड्यातली होती. मुलाखतीला यायचं तिला धाडसच झालं नसतं, असं ती मला पुढं म्हणाली. साहेबासमोर तोंडातून शब्द निघाला नसता. तिनं अर्ज टपालानं पाठवला होता आणि नाव लागलं होतं. तिला मी माझी मुलाखत सांगितली तेव्हा ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. तिची यादी आणि माझी खुर्ची, दोघींनाही एकमेकींचं नवल वाटत होतं.

पदवीदानाला आम्ही तिघंही नागपूरला गेलो. काळा गाऊन भाड्यानं घेतला होता. मायनं त्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. मंडपात ठिकठिकाणच्या कॉलेजांची मुलं कॉमर्सच्या रांगांत बसली होती. माझ्या एका बाजूला अकोल्याचा मुलगा होता. तो बाकं भरायच्या आत पोचला होता, मार्क जेमतेम होते आणि आता दुसऱ्या वर्गात पास झाला होता. दुसऱ्या बाजूचा मुलगा जबलपूरकडून दाखले घेऊन आला होता आणि त्यात त्याचं एक वर्ष गेलं होतं. आम्ही कोण कसं आत आलो हे एकमेकांना सांगत होतो तेवढ्यात वाणिज्य शाखेचं नाव पुकारलं गेलं. आम्हाला सगळ्यांना एकदम उभं राहायला सांगितलं. व्यासपीठावरच्या वयस्कर गृहस्थांनी इंग्रजीतलं एकच वाक्य म्हटलं, आणि त्या एका वाक्यानं आम्ही शेकडो जण पदवीधर झालो. मी मागं वळून पाहिलं. दोरीपलीकडं, पाहुण्यांच्या गर्दीत, माय आणि बाबाही उभे राहिले होते. तसं करायचं नसतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.